पुढें काय?

दहावीच्या परीक्षेचा शेवटचा दिवस म्हणजे आमच्या शाळेच्या आवारांतील एक सणच असतो. उत्तरपत्रिका देऊन मुलें बाहेर येतात, हंसतात, ओरडतात, एकमेकांच्या सदऱ्यांवर शाई उडवितात. आणि मग फाटकापाशीं येतांच त्यांच्यापैकीं पुष्कळांचीं पावलें मंदावतात. दहा वर्षें रोज सकाळीं कोणत्या वर्गांत जाऊन बसावयाचें हें ठरलेलें होतें. उद्यांपासून तें कोणी सांगणार नसतें. तीन वर्षांपूर्वीं असाच एक विद्यार्थी सर्वांच्या मागें रेंगाळत माझ्याकडे आला. अभ्यासांत मध्यम, स्वभावानें शांत, वडिलांचें शिवणकामाचें लहानसें दुकान. तो म्हणाला, "सर, पेपर बरे गेले. पण निकाल लागेपर्यंतचे दिवस कसे काढावे तें कळत नाहीं. रात्रीं झोंप येत नाहीं. नापास झालास, असें आजच कोणी सांगितलें तर एक वेळ चालेल. पण हें असें लटकत राहणें सोसवत नाहीं."

मीं त्याच्या पाठीवर हात ठेवून, "सबूर धर, सर्व ठीक होईल," असें सांगितलें व त्याला वाटेला लावलें. परंतु घरीं पोहोंचल्यावर माझें मनच मला खाऊं लागलें. सर्व ठीक होईल हें मला तरी कोठें ठाऊक होतें? त्याचा प्रश्न खरा होता आणि माझें उत्तर पोकळ होतें. त्या दिवसापासून या विषयावर जें कांहीं वाचलें, विचारलें व पाहिलें, त्याचें सार आज आपल्या या वार्षिकाच्या पानांतून विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहें. उत्तर उशिरां दिलें म्हणून तें अगदींच वायां जाऊं नये, एवढीच इच्छा.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे, ती ही कीं, दुःख आणि अनिश्चितता हीं एक नव्हेत. दुःख घडून गेलेल्या गोष्टीचें असतें. त्याला कांठ असतो. मनुष्य रडतो, जवळचीं माणसें धीर देतात, आणि कालांतरानें तो पुनः कामाला लागतो. अनिश्चिततेला असा कांठ नसतो. जें अजून घडलेंच नाहीं त्याबद्दल रडावें तरी कसें, आणि निर्धास्त तरी कसें राहावें? म्हणूनच त्या मुलाला "नापास" हा शब्द परवडत होता, पण "कदाचित्" हा शब्द परवडत नव्हता.

त्याचें हें बोलणें केवळ पोरकट नव्हतें, याला शास्त्राचा आधार आहे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत ४५ माणसांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवून, याच्याखालीं साप आहे कीं नाहीं तें ओळखावयास सांगण्यांत आलें. साप निघाला कीं हाताला विजेचा एक दुखरा झटका बसे. साप असण्याचा संभव संशोधक मधून मधून बदलीत असत, आणि झटक्याची वाट पाहतांना त्या माणसांना किती घाम सुटतो व त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात, याचें मोजमाप चालू असे. झटका नक्की बसणार हें ज्या वेळीं ठाऊक होतें, त्या वेळीं मनावरील ताण सर्वांत अधिक असावा, असें आपणांस वाटेल. प्रत्यक्षांत आढळलें तें निराळेंच. ताण सर्वांत अधिक होता तो झटका बसण्याचा व न बसण्याचा संभव अगदीं निम्मा निम्मा असतांना!

याचें कारण पाहूं गेल्यास फार गूढ नाहीं. जें येणारच, त्याच्या स्वागताची तयारी मन एकदांच करितें आणि स्वस्थ बसतें. जें येईल किंवा येणार नाहीं, त्याच्यासाठीं मात्र त्याला दोन्ही दारांवर पहारा करावा लागतो. आणि पहारेकरी एकच असल्यामुळें तो या दारावरून त्या दारावर रात्रभर धांवत राहतो. झोंप न येणें, जेवणावरची वासना उडणें, क्षुल्लक कारणावरून चिडणें, हीं सर्व त्या धांवपळीचीं चिन्हें होत. तीं दुबळेपणाचीं लक्षणें आहेत असें कोणीं समजूं नये. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्यांचा ताण परिस्थितीच्या अनिश्चिततेबरोबर बरोबर कमीजास्त होत होता, त्यांनीं कोणत्या दगडाखालीं साप आहे हेंही इतरांपेक्षां अधिक अचूक ओळखलें. अर्थात् काळजी ही मूळची शत्रु नव्हे; ती जागें करणारी घंटा आहे. मनुष्य जागा झाल्यावरही ती वाजतच राहिली, म्हणजे मात्र डोकें उठतें.

आतां ही घंटा तारुण्यांतच इतकी मोठ्यानें कां वाजते? जेफ्री आर्नेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें २००० सालीं असें प्रतिपादिलें कीं, सुमारें अठरा ते पंचवीस हीं वर्षें आजच्या उद्योगप्रधान समाजांत आयुष्याचा एक स्वतंत्र टप्पाच बनलीं आहेत. बालपण संपलेलें असतें, प्रौढपणाची बैठक बसलेली नसते. शिक्षण, व्यवसाय, राहण्याचें ठिकाण, विवाह, यांपैकीं एकही गोष्ट कायम झालेली नसते. आपल्याकडे हा टप्पा दहावीच्या निकालापासूनच डोकावूं लागतो. विज्ञान, वाणिज्य कीं कला? पदविका कीं औद्योगिक प्रशिक्षण संस्था? एक प्रवेशपरीक्षा कीं तीन? आणि पदवी हातीं आल्यावर पुढें लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठीं घर सोडून पुण्यास राहिलेले शेंकडों तरुण, जाहिरात केव्हां निघेल व निकाल केव्हां लागेल याची वाट पाहण्यांत आपलीं उमेदीचीं वर्षें कशीं घालवितात, हेंही आपण पाहतोंच.

हें पाहून वडील माणसें म्हणतात कीं, आमच्या वेळीं असें नव्हतें. तें खरें आहे. पण पूर्वींची निश्चितता कशाची होती याचाही विचार केला पाहिजे. सुताराच्या मुलानें सुतार व्हावयाचें, आणि मुलगी कोणत्या घरीं जावयाची तें तिच्या आठव्यानवव्या वर्षींच ठरावयाचें, अशी ती निश्चितता होती. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली व सावित्रीबाईंनीं तेथें शिकवावयास आरंभ केला. त्या शाळेच्या बांकावर बसलेल्या मुलीचें भविष्य प्रथमच अनिश्चित झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण तिच्यापुढें प्रथमच एकाहून अधिक वाटा उघडल्या. आज "पुढें काय?" हा प्रश्न ज्याला पडूं शकतो, त्याच्यासाठीं कोणीतरी पूर्वीं एक बंद दार उघडून ठेवलेलें असतें. अनिश्चितता ही निवडीच्या स्वातंत्र्याची किंमत आहे. ती किंमत जड आहे हें खरें. पण ती कशाची आहे हें विसरूं नये.

या जडपणांतून सुटण्यासाठीं तरुण माणसें बहुधा तीन आडवाटा धरितात. पहिली वाट, कोठून तरी खात्री मिळविण्याची. कोणी ज्योतिषाकडे पत्रिका दाखवितो, कोणी एकच प्रश्न दहा जणांना विचारतो, कोणी दर पांच मिनिटांनीं मोबाईल उघडून निकालाची बातमी पाहतो. अशानें घटकाभर बरें वाटतें, आणि मग पुनः तीच तहान, पण पहिल्याहून अधिक लागते. कॅनडांतील क्वेबेक येथील लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९९४ सालीं "अनिश्चिततेची असहिष्णुता" मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. अनिश्चितता ज्यांना मुळींच सोसवत नाहीं, तीं माणसें काळजींत अधिक गुरफटतात, हें तिच्या साहाय्यानें दिसून आलें. दुसरी वाट, प्रश्नाकडे पाठ फिरविण्याची. अर्ज भरावयाचा राहतो, मुदत टळते, आणि "बघूं पुढें" म्हणत दिवस जातात. तिसरी वाट सर्वांत फसवी. कारण ती शहाणपणाचा वेष घेऊन येते. मनाची टांगणी एकदांची संपावी म्हणून हाताला लागेल तो निर्णय करून मोकळें होणें, ही ती वाट. मित्रानें अमुक शाखा घेतली म्हणून आपणही तीच घेणें, किंवा एका नकारानें खचून शिक्षणच सोडून देणें, हीं याचीं उदाहरणें. येथें निर्णय झालेला दिसतो. पण तो भविष्याचा विचार करून झालेला नसतो, तर आजची रात्र सुखाची जावी म्हणून झालेला असतो.

मग सरळ वाट कोणती? ती दाखवावयास दोन माणसांचीं तरुण वर्षें डोळ्यांपुढें आणूं. दोघांचाही जन्म १८५८ सालच्या एप्रिल महिन्यांत, अवघ्या पांच दिवसांच्या अंतरानें झाला.

पहिले धोंडो केशव कर्वे. कोंकणांतील मुरूड गांवचा हा मुलगा सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसावयाचें म्हणून सोबत्यांसह सह्याद्रि ओलांडून, शंभरांहून अधिक मैलांची वाट पायीं तुडवून साताऱ्यास गेला. परीक्षेसाठीं सतरा वर्षें पूर्ण असावीं लागत. त्याचें वय भरलेलें होतें. परंतु अंगानें तो लहानखुरा दिसे. वय कमी दिसतें, एवढ्यावरून परीक्षक समितीच्या प्रमुखांनीं त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. चाललेली सर्व वाट फुकट गेली, आणि चूक तर त्याची तिळमात्र नव्हती! पुढच्या वर्षीं तो कोल्हापुरास गेला, तेथें परीक्षेस बसला व उत्तीर्ण झाला. मॅट्रिक होण्यास त्याला १८८१ साल उजाडलें. तेव्हां वय तेवीस. आजच्या हिशेबानें पाहिलें तर सारे सोबती फार पुढें निघून गेले, असेंच त्याला कोणीही म्हटलें असतें. पुढें मुंबईस विल्सन कॉलेज व एल्फिन्स्टन कॉलेज येथें शिकून ते १८८४ सालीं बी. ए. झाले, आणि १८९१ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, आणि १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांना "भारतरत्न" हा बहुमान मिळाला.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८७४ सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, सोळाव्या वर्षीं त्यांचे आईवडील गेले. थोड्याच काळानें थोरली बहीण गेली. भावाबरोबर अर्धपोटीं पायपीट करीत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. पण १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभीं पतीही गेले. चोवीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत, कडेवर लहानगी मनोरमा घेऊन, त्या जगांत जवळजवळ एकट्या उरल्या. वैद्यकी शिकावी असें मनांत धरून त्या १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या. तेथें कळून आलें कीं, कानांनीं नीट ऐकूं येत नसल्यामुळें तें शिक्षण घेतां येणार नाहीं. ती वाटही बंद झाली. मग त्यांनीं अध्यापनाकडे लक्ष वळविलें, अमेरिकेस जाऊन बालशिक्षणाची नवी पद्धति पाहिली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. त्याच सदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. पुढें १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां रमाबाई तेथें जाऊन शेंकडों अनाथ मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून वाढलें. भूक म्हणजे काय हें त्यांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

थोरांचीं चरित्रें वाचतांना आपला एक गैरसमज होतो. आपणांस शेवट ठाऊक असतो. म्हणून मधलीं वर्षें जणूं त्या शेवटाकडे जाणारी सरळ सडकच होती, असें भासतें. पण साताऱ्याहून परत फिरलेल्या मुलाला महिला विद्यापीठ दिसत नव्हतें, आणि कानांमुळें वैद्यकी हुकलेल्या त्या तरुण विधवेला केडगांव दिसत नव्हतें. त्यांना दिसत होतें तें एवढेंच: कोल्हापूरची पुढली परीक्षा, आणि हातांतलें पुढलें काम. विद्यार्थ्यांनो, तुम्हांस माझी एक सूचना आहे. कोणाचेंही चरित्र वाचतांना नायकाच्या विसाव्या वर्षापाशीं पुस्तक मिटा, आणि "या क्षणीं याला काय ठाऊक होतें?" असें स्वतःस विचारा. तुमच्याइतकेंच ठाऊक होतें, असें तुम्हांस आढळून येईल.

परंतु थोर माणसांचेंच कशाला? अनिश्चिततेशीं संसार कसा करावा हें आपल्या जिराईत शेतकऱ्याइतकें कोणासच ठाऊक नसेल. हिंदुस्थानच्या हवामान खात्यानें १८८६ सालापासून मान्सूनचे अंदाज देण्यास आरंभ केला. आज उपग्रह व मोठमोठे संगणक हाताशीं आहेत. तरीही पाऊस सरासरीच्या इतके टक्के होईल असें सांगतांना अंदाज किती चुकूं शकेल हेंही तें खातें प्रामाणिकपणें सांगतें. म्हणजे खात्री अजूनही नाहीं. आणि पेरणी तर केलीच पाहिजे. मग शेतकरी काय करितो? उन्हाळ्यांत जमीन नांगरून ठेवितो. कारण नांगरणें त्याच्या हातीं आहे, पाऊस नाहीं. पहिली सर आली म्हणून धांवत सुटत नाहीं. जमिनीला वाफसा येण्याची वाट पाहतो. वाफसा आला कीं मात्र एक दिवसही दवडीत नाहीं. बाजरीच्या ओळींत तुरीची ओळ धरितो; बाजरी लवकर निघते, तूर मागाहून हाताशीं येते, आणि एक बुडालें तर दुसरें घर सांवरतें. शिवाय सगळें बियाणें तो एकदम मातींत घालीत नाहीं. पाऊस दडी मारील व दुबार पेरणी करावी लागेल, म्हणून कांहीं मागें राखतो.

या चार गोष्टी विद्यार्थ्यानें जशाच्या तशा उचलाव्या. नांगरणी म्हणजे निकाल कांहींही लागला तरी उपयोगीं पडेल अशी तयारी: भाषा चांगली लिहितां येणें, हिशेब पक्का असणें, एखादें हातकाम अंगीं असणें. वाफसा म्हणजे निर्णयाची योग्य वेळ; माहिती हातीं येण्यापूर्वीं घाई नाहीं, आणि आल्यावर दिरंगाई नाहीं. मिश्र पीक म्हणजे एकाच परीक्षेवर सर्व आयुष्य न टांगतां शेजारीं दुसरी वाट चालू ठेवणें. आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यानें बरोबरीनें कांहीं अर्थार्जन करणें किंवा दुसरें कौशल्य मिळविणें, हें त्याचें उदाहरण. आणि राखलेलें बियाणें म्हणजे आपलें शरीरस्वास्थ्य, आपले मित्र व आपला उत्साह. हें सारें एका पेरणींत उधळून टाकल्यास दुबार पेरणी कशाच्या बळावर करावयाची?

आतां रोजच्या उपयोगाच्या दोनतीन युक्ति सांगतों. एक कोरा कागद घ्यावा आणि मध्यें रेघ ओढावी. डावीकडे आपल्या हातीं असलेल्या गोष्टी लिहाव्या व उजवीकडे नसलेल्या. निकालाची तारीख, पेपर तपासणाऱ्याचा स्वभाव, प्रवेशाच्या जागांची संख्या, हीं उजवीकडे जातील. अर्जाचे कागद गोळा करणें, दोन महाविद्यालयें प्रत्यक्ष पाहून येणें, त्या धंद्यांतील माणसाशीं बोलणें, हीं डावीकडे. हा भेद एपिक्टीटस नांवाच्या, एके काळीं गुलाम असलेल्या तत्त्ववेत्त्यानें सुमारें १९०० वर्षांपूर्वीं शिकविला. डावीकडील एक तरी काम आजच करावें. मोठ्या प्रश्नाचें उत्तर त्यानें मिळत नाहीं, पण पाय चालूं लागतात.

दुसरी युक्ति अशी कीं, काळजीला वेळ नेमून द्यावा. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया येथील संशोधकांनीं १९८३ सालीं हा उपाय पारखून पाहिला. रोज ठराविक वेळीं, ठराविक जागीं, अर्धा तास बसून मनसोक्त काळजी करावयाची. इतर वेळीं ती मनांत आली तर "तुझी वेळ संध्याकाळीं" असें म्हणून हातांतल्या कामाकडे वळावयाचें. अशानें दिवसभराची काळजी कमी होते, असें त्यांना आढळलें. ऐकावयास हें हास्यास्पद वाटेल. पण दारावर आलेल्या तगादेदाराला वेळ ठरवून दिली, कीं तोही निमूट परत जातो.

तिसरी युक्ति, काळजींचा हिशेब ठेवण्याची. अतिकाळजीच्या विकारानें त्रासलेल्या २९ माणसांनीं आपल्या काळज्या दहा दिवस टिपून ठेविल्या, आणि पुढें त्यांतल्या किती खऱ्या झाल्या तें पाहिलें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत १०० पैकीं सुमारें ९१ काळज्या खऱ्या झाल्याच नाहींत! अभ्यास लहान आहे, आणि उरलेल्या ९ खऱ्या झाल्या हेंही विसरूं नये. पण स्वतःची वही ठेवून पाहावयास कोणाची हरकत आहे?

गिरिप्रवचनांत प्रभु येशूनें उद्यांची चिंता न करण्याविषयीं सांगतांना आकाशांतील पांखरांकडे बोट दाखविलें आहे. त्या वचनाचा अर्थ आळस असा कोणीं करूं नये. पांखरूं पहाटेस उठून दाणे टिपावयास जातेंच. फक्त संध्याकाळीं घरट्यांत उद्यांच्या दाण्यांचें ओझें घेऊन बसत नाहीं. श्रद्धा म्हणजे भविष्याचें आगाऊ ज्ञान नव्हे. अंधारांत पुढच्या पायरीपुरता उजेड असतां ती एक पायरी उतरण्याचें बळ म्हणजे श्रद्धा. ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या घरांतील मुलाला समजण्यासारखी आहे.

आतां दोन शब्द पालकांस. आपल्या मुलाच्या डोक्यावर दोन अनिश्चितता असतात: एक निकालाची, आणि दुसरी त्या निकालानंतर आईवडिलांचा चेहरा कसा होईल याची. पहिली आपल्या हातीं नाहीं. दुसरी मात्र पूर्णपणें आपल्या हातीं आहे, आणि ती आजच दूर करतां येते. "गुण कांहींही पडोत, ताट वाढलेलें असेल आणि दार उघडें असेल," हें वाक्य निकालाच्या दिवशीं बोलण्यापेक्षां निकालाच्या आधीं बोललेलें बरें. शेजाऱ्याच्या मुलाचे गुण त्या दिवशीं विचारूं नयेत. वाट बदलली म्हणजे वाट चुकली असें समजूं नये. २०२१ सालीं कोविडच्या साथीमुळें महाराष्ट्रांत दहावीची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावावा लागला; अकरावीसाठीं जाहीर झालेली प्रवेशपरीक्षाही त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें उच्च न्यायालयानें रद्द ठरविली. त्या मुलांचा रस्ता एका वर्षांत किती वेळां बदलला! तरीही तीं मुलें पुढें शिकलीं, आणि आज आपापल्या कामांत आहेत. आणखी एक गोष्ट. झोंप व भूक कित्येक दिवस नाहींशी होणें, बोलणें बंद होणें, जगणें नकोसें झालें असें मुलाच्या तोंडून निघणें, हीं साधी चिंता नव्हे. अशा वेळीं उपदेश न करितां त्याच्याजवळ बसावें, त्याला एकटें सोडूं नये आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकारनें २०२२ सालापासून "टेली-मानस" ही विनामूल्य सेवा चालू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीं-अपरात्रींही बोलतां येतें. ताप आला असतां औषध घेण्यांत जशी लाज नाहीं, तशी यांतही नाहीं.

प्रारंभीं सांगितलेल्या त्या मुलाचें पुढें काय झालें, हें विचारण्याचा वाचकांस हक्क आहे. निकाल लागला, तो उत्तीर्ण झाला, पण अपेक्षेहून बरेच कमी गुण पडले, आणि मनांत धरलेली शाखा मिळाली नाहीं. तो पुनः माझ्याकडे आला. या खेपेस मीं सबुरीचा उपदेश केला नाहीं. आम्ही दोघे कागद घेऊन बसलों व मध्यें रेघ ओढली. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत घेतला, आणि तो पुरा केला. तेथून पदविकेच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो, त्यासाठीं त्याची खटपट चालू आहे. सकाळीं तो एका ठेकेदाराकडे कामासही जातो. गेल्या महिन्यांत शाळेच्या सभागृहांतील पंखे दुरुस्त करावयास तोच आला होता. शिडीवरून उतरल्यावर मीं विचारलें, "मग, पुढें काय?" तो हंसून म्हणाला, "सर, तें अजून ठाऊक नाहीं. पण झोंप येते."

या वर्षीं शाळेचें फाटक ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला भविष्य स्पष्ट दिसो, असा आशीर्वाद मी देत नाहीं. तो कोणाच्याच हातीं नाहीं. न दिसणाऱ्या वाटेवरही पाय खंबीर पडोत, सोबतीला चांगलीं माणसें मिळोत, आणि रात्रीं शांत झोंप लागो, एवढेंच मागणें परमेश्वराजवळ मागतों.